छप्पन पावलांचा संशयित

माझ्यावर आयुष्यात एकदाच चोरीचा आळ आला, आणि तो चौथीच्या वर्गाने घेतला. गोष्ट खरं तर माझी नाही, जयवंताबाईंची आहे. मला लिहिता येतं असं कोणी म्हटलेलं नाही. पण त्या शनिवारी मी तिथे होतो, आणि दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही.

वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर मी हैदराबादेत अंबरपेठेहून आठवड्यातून तीन दिवस नारायणगुड्याच्या आमच्या मराठी शाळेत जातो. ग्रंथालयातल्या फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे घालतो. शेजारीच चौथीचा वर्ग आहे. रोज पहिल्या तासाला तिथून पाढे ऐकू येतात, सगळे एका सुरात. खळ लावता लावता माझा हातही त्या तालावर चालतो.

एकदा जयवंताबाई दारात उभ्या राहिल्या. बाई पंचेचाळिशीच्या, ठेंगण्या, पर्समध्ये नेहमी खडू.

“काका, एकवीस पोरं पाढे म्हणतात. त्यातली खरंच किती म्हणतात, सांगा बघू?”

“सगळीच की,” मी म्हणालो.

“मला तसं वाटत नाही. काहींचे नुसते ओठ हलतात. कोणाचे, ते शोधायचंय.”

शोधायची ही खोड त्यांना लहानपणापासूनची. त्यांचे वडील बिदरकडची शेती सोडून हैदराबादला आले, त्याआधीची गोष्ट. घरात दुधावरची साय रोज नाहीशी व्हायची. सात वर्षांच्या जयवंताने दुधाच्या कपाटासमोर ज्वारीचं पीठ भुरभुरवलं. सकाळी पिठात आजोबांची पावलं.

“मग घरच्यांनी काय केलं?” मी विचारलं.

“मलाच बडवलं. पीठ सांडलं म्हणून.”

त्या पावलांवरूनच त्यांना वर्गातला खेळ सुचला असावा. दर शनिवारी शाळेतली एक वस्तू गायब व्हायची. संशयित चौघे ठरलेले: हेडबाई, वॉचमन, खिचडी करणाऱ्या सावित्रीबाई आणि मी. प्रत्येकाने आपल्या दारापासून घंटेपर्यंत चालायचं, मुलांनी पावलं मोजायची. मी पहिल्यांदा चाललो तेव्हा एकसष्ट भरली, कारण सगळी मुलं बघत होती आणि माझे पायच उचलत नव्हते. बाई म्हणाल्या, “काका, रोजच्यासारखं चाला.” मग अठ्ठावन्न. पाढ्यात बसणारा आकडा येईपर्यंत त्या दारातली खडूची रेघ पुढेमागे सरकवत. शेवटी फळ्यावर यादी लागली. आजोबा छप्पन, म्हणजे मी. सावित्रीबाई चोपन्न. हेडबाई अठ्ठेचाळीस. वॉचमन बेचाळीस.

शनिवारी चिठ्ठी निघायची. तिच्यातला गुणाकार सोडवला की चोराची पावलं कळत. बाईंचा नियम एकच होता: गुणाकार चुकला तर निर्दोष माणूस पकडला जाईल, आणि त्या स्वतः मध्ये पडणार नाहीत.

मला या खेळाचं फार कुतूहल वाटे. पुठ्ठ्याचं काम शनिवारवर ढकलू लागलो, म्हणजे कोण पकडलं जातं ते बघता यावं.

पण ही बातमी संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत गेली. हिम्मतराव ऐंशीचे, काठी घेऊन येतात, आवाज खणखणीत. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, “शाळा हाय का पोलीस ठाणं? पोरं व्हरांड्यात धावतात म्हणे. शनिवारी येतो मी. पाढे आले नाहीत तर हे चोर-पोलीस बंद. कळलं?”

“हो, साहेब,” बाई म्हणाल्या. नंतर ग्रंथालयात येऊन बसल्या. “काका, बंद झालं तर मला परत नुसते ओठच बघायचे.”

शनिवारी हिम्मतराव आले, वर्गात खुर्ची मागवून बसले. आम्ही संशयित भिंतीला टेकून उभे. त्या दिवशी घंटेचा लाकडी हातोडा नाहीसा होता. बाईंनी चिठ्ठी वाचली: “चोर सहा पावलं चालला की थांबायचा. असा नऊ वेळा थांबला, नवव्यांदा थांबला तो थेट घंटेपाशी. सांगा कोण?”

पहिल्या बाकावरची रेणू वर्गात सगळ्यांत मोठ्याने पाढे म्हणणारी. ती उभीच राहिली. “सहा नवे छप्पन!”

लगेच सगळा वर्ग त्याच सुरात, “सहा नवे छप्पन!”

हिम्मतरावांनी डोळे मिटले होते. त्यांनी मान डोलावली.

जयवंताबाईंचा चेहरा पांढरा पडला. पण नियम तो नियम. “बरं,” त्या म्हणाल्या, “मग धरा चोराला.”

सात-आठ पोरांनी मला घेरलं. “आजोबा, हातोडा कायकू नेला?” एकाने माझा खिसासुद्धा चाचपला. बाईंनी विचारलं, “आजोबा, तुम्हाला काही सांगायचंय?”

मी मान हलवली. नाही.

“बोला की हो,” सावित्रीबाई पुटपुटल्या.

तेवढ्यात मागून शिल्पा म्हणाली, “आजोबांनी नाही घेतलं.” ही मुलगी पाढे म्हणताना कधी तोंड उघडत नाही; मला वाटायचं, तिला येतच नाहीत.

“कशावरून?” बाईंनी विचारलं.

“सहा दाहे साठ ना? चोर दहा वेळा थांबला असता तर साठ. तो नऊच वेळा थांबला. सहा कमी. चोपन्न.” मग अगदी हळू, “खिचडीवाल्या मावशी.”

“अय्यो! मी कशाला नेऊ गं तो दांडका? खिचडी ढवळायला?” सावित्रीबाई ओरडल्या, पण वर्ग एव्हाना स्वयंपाकघराकडे पळाला होता. हातोडा तांदळाच्या डब्यात निघाला. सावित्रीबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांनीच तो सकाळी बाईंच्या सांगण्यावरून लपवला होता.

रेणू माझ्याजवळ आली. डोळे भरलेले. “आजोबा, मी जोरात म्हणते ना, म्हणून सगळे माझ्या मागून म्हणतात.”

हिम्मतराव खुर्चीवरून उठले नव्हते. जयवंताबाई समोर उभ्या राहिल्या, हातात खडू.

“बाई,” ते म्हणाले, “वीस पोरं एका सुरात चुकली.”

“हो, साहेब.”

“ते नव्हे. मी मान डोलावली.” त्यांनी काठीवर हनुवटी टेकली. “सूर बरोबर होता, म्हणून डोलावली. पन्नास वर्षं असाच डोलावत आलो असेन.” मग उठत म्हणाले, “पाढे रोज म्हणायचेच. पण शनिवार तुमचा. आणि पुढचा चोर कोण ते मला आधी सांगू नका.”

दुपारी बाई ग्रंथालयात आल्या, डबा उघडला, अर्धी भाकरी मला दिली. “काका, तुम्ही का नाही बोललात? तुमची पावलं तुम्हाला पाठ आहेत.”

खोटं सांगता आलं असतं. “बाई,” मी म्हणालो, “सहा नवे छप्पन की चोपन्न, मला ठाऊक नव्हतं. शाळेत मीसुद्धा नुसते ओठच हलवायचो. पुढे ऑफिसात कॅल्क्युलेटर होता.”

मला वाटलं, हसतील. त्या चघळायच्या थांबल्या आणि माझ्याकडे अशा बघू लागल्या, जणू पिठात पाऊल सापडलं.

आज शुक्रवार. सकाळी खळीच्या डब्याखाली एक चिठ्ठी होती, बाईंच्या अक्षरात: “उद्या हेडबाईंचा चष्मा. सात-सात पावलं, आठ वेळा.” मी दार लावून घेतलं. सात दाहे सत्तर. आठच वेळा, म्हणजे दोन साते चौदा कमी. दोनदा ताडून पाहिलं.

उद्याचा चोर मीच आहे. आता हेडबाईंचा चष्मा कोणत्या पुस्तकामागे लपवावा, एवढंच ठरवायचं आहे.