डीजे हरला, मंगलाष्टक जिंकलं

मित्रहो, आज दुपारी आमच्या घरी एक लढाई मी जिंकलो.

पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. मुलानं लॉन, जेवण, डीजे सगळं ठरवत आणलं. माझी मागणी एकच. पुन्हा अंतरपाट धरायचा आणि मी रचलेलं मंगलाष्टक मीच चालीवर म्हणायचं. शाळेतल्या कवितांची ती हौस अजून गेली नाही.

"बाबा, लोक हसतीन न," मुलगा म्हणाला.

मी बायकोकडे पाहिलं. माझ्या कवितेवर तिचं आजवर एकच मत, "चहा थंडा होऊन राहिला."

ती संत्रं सोलत म्हणाली, "हसू दे गा बाबू. आमच्या लग्नात मंगलाष्टक म्हणता म्हणता मामा ओळ विसरले, तं अंतरपाटाआडून तुह्या बाबायनंच पुढची म्हटली. सारा मांडव हसला. मले तं झालं, हा पडदा कवा हटते न कवा यायचं तोंड दिसते. डीजे नोको, यायलेच म्हणू दे."

मुलानं तिथंच डीजेवाल्याला फोन करून नाही सांगितलं.

पन्नास वर्षं मी समजत होतो, पडद्यापलीकडे तीही हसत होती.

आता शेवटची ओळ तेवढी जुळायची आहे. तुमच्या लग्नात मंगलाष्टक कोणी म्हटलं होतं, आठवतं का?