तणसात बसवलेला अँप्लिफायर

तणस, म्हणजे भाताचा वाळला पेंढा, जळाल्याचा वास आला की मला मुलचेऱ्याकडची ती जीप आठवते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धानकापणी उरकली होती, त्या रात्री आमच्या गावात नाटक होतं आणि शेजारच्या मोठ्या गावात पुकारा झाला नाही तर मांडव रिकामा राहणार होता. मामा जीपमध्ये अँप्लिफायर बसवत होते. पत्र्याला आवळला तर खड्ड्यांत तारा सुटायच्या, म्हणून त्यांनी तो सीटमागे आंब्यासारखा तणसात दाबून बसवला. मी विचारलं, "मामा, याले हवा कुठून भेटन?" "त्याले का नाक आहे? तू पुकार!" मी माईक हातात घेतला. त्या गावाच्या चौकात भोंगा घरघरला, गप्प झाला आणि सीटमागून धूर निघाला. घागरी घेऊन अख्खं गाव धावलं. तणस विझलं, अँप्लिफायर मात्र गेला. ओल्या जीपभोवती उभ्या गर्दीतून एका म्हातारीने विचारलं, "काय सांगून राह्यली होतीस वो बाई?" मग मी नाटकाचं तोंडीच सांगितलं. रात्री मांडवात तेच गाव पुढे बसलं होतं. आजही कुठलं यंत्र बसवताना मी मागे हवेला चार बोटं जागा सोडते, आणि मामा असते तर हसून म्हणाले असते, "धूरच नाई निघाला त मंग लोक कसे येतीन?"