वाकल्याचं माप

"वाका," ती म्हणाली.

भर बाजारात, चार बायका बघत असताना. मी वाकलो नाही. पिशवी शिवून घ्यायला आलेल्या माणसाने कशासाठी वाकायचं, हेच मला कळेना. पोंभुर्ण्याकडच्या त्या गावात गुरांच्या दवाखान्यात मी नुकताच रुजू झालो होतो. डबा, रजिस्टर आणि औषधाच्या दोन-चार बाटल्या घेऊन रोज हिंडायला पाठीवरची एक लहानशी कापडी पिशवी हवी होती, एवढंच. "बाई, मी उभाच बरा आहे," म्हटलं. तिने टेप गळ्यात टाकली आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलू लागली. शेवटी वाकलो. मानेपासून कमरेपर्यंत टेप लावून ती म्हणाली, "अजून."

गावात तिला वाकाबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. ब्लाउज-परकर शिवणारे आणखी दोघे होते, पण शेतात-रानात पाठीवर न्यायची पिशवी शिवावी ती हिनेच. बाहेरून जुन्या पँटचं जाड कापड, आतून मोडक्या छत्रीचं काळं अस्तर, कमरेला बांधायला नाडी आणि तोंडाला चेन. शिलाई सगळी दुहेरी. पिशवीत काय ठेवणार, हे तिने मला कधी विचारलं नाही. वाकून काम किती वेळ करता, एवढंच विचारलं. नोकरीच्या मुलाखतीतही मी इतका गोंधळलो नव्हतो.

पिशवी मिळाली आणि माझं डोकं फिरलं. पट्टे इतके आखूड की पाठीवर घेतली की खांदे पुढे ओढले जात. तडक तिच्याकडे गेलो.

"बाई, हे काय? मला कुबड आल्यासारखं दिसतंय."

"मंग उभे काऊन रायता?" मशीन न थांबवता ती म्हणाली. "दिवसभर उभा कोन रायते डाक्टर? रोवणी उभ्यानं होते का? मोह खाली पडते, का तुमच्या हातात येते?"

आता धानाच्या लावणीचा आणि मोहाची फुलं वेचण्याचा माझ्या पिशवीशी काय संबंध? पण वाद घालायला ती मोकळी नव्हती. मी पिशवी घेऊन, मनातल्या मनात चरफडत परतलो.

आठवडाभराने एक गाय अडली. तासभर तिच्यामागे वाकून होतो. वासरू बाहेर आलं, धडपडत उभं राहिलं, आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की पाठीवर पिशवी आहे. ना ती डोक्यावर घसरली होती, ना बाटल्या मानेत टोचल्या होत्या. उभ्याने छळणारी ती पिशवी वाकल्यावर मात्र पाठीला झोपलेल्या लेकरासारखी चिकटून होती. मग चूक पिशवीची, की उभं राहणाऱ्या माझी? पट्टे सैल करून घ्यायचा विचार मी सोडून दिला. पुढे दिवाळीला घरी गेलो तर आई म्हणाली, "पाठीला काय झालं रे तुझ्या?" मी म्हटलं, काही नाही.

चौथ्या वर्षी वाकाबाई आपण होऊन दवाखान्यात आली. तिला पाहताच मी सवयीने वाकलो.

"नाई, नाई. उभे राहा," ती म्हणाली.

तिच्या एकुलत्या एका मुलीला, प्रणालीला, चंद्रपूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. सोमवारी निघायचं होतं. घरात या दोघीच. पिशवी आईच शिवणार होती, पण उभ्या माणसाचं माप तिने जन्मात घेतलं नव्हतं.

"तुमी कालेजात शिकले ना? थितं कसे चालत होते, चालून दाखवा."

गुरांचा खोडा ते भिंत, असा मी चाललो. कॉलेजात मी कसा चालायचो, हे मला कुठे आठवत होतं?

"सरळ चाला."

"सरळच चालतोय की."

"नाई डाक्टर. तुमी वाकून राह्यले." ती थांबली. "माह्या पिशवीनं?"

ती खाली बसली.

"पोरगी आता कोनाच्या धानाच्या बांधीत वाकाची नाई. येवढ्यासाठीच शिकवली तिले. आन माह्याच हातची पिशवी तिले वाकवन तं?"

तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं, आणि त्या भरात मी मूर्खासारखं म्हणालो, "मग विकतची घ्या ना." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी उगाच रजिस्टर उघडून बसलो.

रविवारपर्यंत तिने ती पिशवी तीनदा शिवली आणि दोनदा उसवली. मुलीला भिंतीला टेकवून उभं करी, टेप लावी, खडूने खूण करी, मग आपणच बुचकळ्यात पडून खूण पुसून टाकी.

सोमवारी मी स्टँडवर गेलो. निळी पिशवी प्रणालीच्या पाठीवर अगदी नीट बसली होती. खांदे मागे, मान वर. एसटी आली. प्रणाली आईच्या पाया पडायला वाकली, आणि पिशवी पाठीवरून सरकत थेट तिच्या डोक्यावर आली. लोक हसले. बाईने दोन्ही हातांनी पिशवी धरली. लेकीच्या डोक्यावर ठेवायला हातच उरला नाही.

"उठ वं माय, उठ," ती घाईने म्हणाली. "आता कोनाच्या पाया पडू नको."

गाडी गेली. धूळ बसेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो.

"माप बराबर होतं ना डाक्टर?"

"अगदी बरोबर होतं बाई."

"रोवणीच्या दिवसात येईन म्हनते पोरगी घरी." तिने गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "तवा तिले कोनती शिवू? उभ्याची, का वाकल्याची?"

मी पाठीवरची माझी पिशवी चाचपली. नंतर माझी जिवतीला बदली झाली. पिशवी अजून तीच वापरतो, वाकल्याची.