खडबडीत की ओबडधोबड

आमच्या ग्राइंडिंग खात्यात किस्से लोखंडाच्या धुळीसारखे साठतात. आज झाडा, उद्या पुन्हा हजर! आणि राव, निम्मे तरी खंडूभाऊचे.

खंडूभाऊ चाकणजवळच्या गावचा, कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले लोखंडी भाग, घासणारा. मी इन्स्पेक्शनला नवा होतो. एक कास्टिंग बघून म्हणालो, "ओबडधोबड आहे, टाका स्क्रॅपमध्ये."

तो उखडलाच. "भावा, ह्ये खडबडीत हाय. वरनं खराब, घासलं की निघतं. ओबडधोबड म्हंजी आकारच बिघडल्याला. त्याला भट्टीच!"

*

आमच्या खात्यातल्या सुरेशला स्थळ आलं. मुलीचे मामा त्याला बघायला थेट कंपनीच्या गेटवर. म्हणाले, "मुलगा जरा ओबडधोबडच वाटतो हो."

खंडूभाऊ म्हणाला, "खडबडीत म्हणा, मामा. लग्न झालं की आपसूक घासून निघतोय!"

लग्न जमलं.

*

एकदा चालू मशीनवर ग्राइंडिंगचं चाक फुटलं. तुकडा खंडूभाऊच्या गालात घुसला. टाके घातलेलं तोंड घेऊन तो वॉर्डात पडलेला, आम्ही सगळे खाटेभोवती उभे. त्याची बायको, मालनवहिनी, त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "आधी तरी कुठं गुळगुळीत हुतं?"

टाके ताणून हसला बिचारा!

*

पुढचा किस्सा सांगवत नाही, पण सांगतो. मालनवहिनींच्या छातीत गाठ निघाली. पिंपरीला तपासणी झाली, रिपोर्ट यायचा होता. चहाच्या सुट्टीत मी म्हणालो, "साधी असेल, भाऊ."

तो स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाला, "हाताला लागती ना, भावा. खडबडीत न्हाई ती."

रिपोर्ट तसाच आला. मला तर त्या शब्दांचाच राग यायला लागला.

*

आता शेवटचा. गेटवर अंगठ्याच्या हजेरीचं मशीन आहे. कास्टिंग घासता घासता खंडूभाऊच्या अंगठ्याच्या रेषाच पुसल्या गेलेल्या. मशीन रोज ओरडायचं, "प्लीज ट्राय अगेन!" मग वॉचमन हसत हसत त्याचं नाव हातानं लिहायचा.

वहिनींचं दुखणं लांबलं, तसा तो बिनपगारी घरी राहिला. शेवटी त्यांचे दिवस घालूनच कामावर परत आला. वॉचमननं सवयीनं पेन उघडलं. खंडूभाऊनं अंगठा टेकवला.

"थँक यू!"

वॉचमन खूश. "भाऊ, आज ओळखलं की मशीननं!"

खंडूभाऊ अंगठ्याकडे बघत राहिला.

"रोज तेल लावत हुतो तिच्या पायांना," तो म्हणाला. "हात मऊ पडलं."