वन्संचा भागाकार

माझ्या थोरल्या नणंदेने आयुष्यात एकही चूक केलेली नाही, आणि ही माहिती मला खुद्द त्यांच्याकडूनच मिळालेली आहे. लग्न होऊन मी शिवाजी पेठेत आले तेव्हा वन्सं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होत्या. आता निवृत्त होऊन आमच्याच वरच्या मजल्यावर राहतात आणि तेच आम्हाला शिकवतात. मोजायला शून्यापासून सुरुवात करायची, हा त्यांचा दंडक. पानातली पहिली भाकरी शून्यावी, त्यामुळे तीन खाऊन उठतात आणि "दोनावर थांबले" म्हणून मिताहाराचं कौतुक करून घेतात. आम्ही गॅसची शेगडी बदलली तेव्हा त्यांनी जुनी हलवू दिली नाही. दोन्ही शेगड्यांवर मला एकच आमटी करायला लावली, डोळे मिटून दोन्ही चाखल्या आणि निकाल दिला, "दोन्हीत मीठ सारखंच कमी आहे. शेगडी ठीक आहे."

नोकरीत असताना त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला होता. साच्यात ओतलेलं लोखंड किती वेळात गार होईल आणि साचा कधी उघडायचा, हे तो सांगतो. त्यांचा एक जुना विद्यार्थी कागलकडे फाउंड्री चालवतो, त्याचं सगळं काम याच प्रोग्रॅमवर. गेल्या वर्षी त्याचा जुना कॉम्प्युटर बंद पडला आणि नव्यावर प्रोग्रॅम चालेना. तो ज्या लायब्ररीच्या जोरावर उभा होता, ती म्हणे आता कुणी सांभाळत नाही. मला वाटलं एखादं वाचनालय बंद पडलं, आणि मी मनापासून हळहळले. वन्संनी माझ्याकडे नापास विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं. मग समजावलं की आकड्यांच्या मोठमोठ्या तक्त्यांच्या बेरजा-भागाकार एका दमात करून देणारं ते तयार सामान असतं. ते बदलायचं म्हणजे प्रोग्रॅमची ओळ न् ओळ नव्याने बसवायची.

दिवाळीनंतर त्या कामाला बसल्या. इकडे विद्यार्थी अंदाजाने साचे उघडत होता आणि ओतून काढलेल्या काही कास्टिंगला चिरा गेल्या होत्या. तो काकुळतीने फोन करी, तो मी घेई. वन्संचं उत्तर ठरलेलं असे: जपून ठेवलेल्या जुन्या उत्तरांशी नवी उत्तरं शेवटच्या दशांशापर्यंत जुळल्याशिवाय काही मिळणार नाही. आणि ती जुळत नव्हती. नव्या लायब्ररीच्या मते लोखंड लवकर गार होत होतं. वन्संनी आधी लायब्ररीला दोष दिला, मग कॉम्प्युटरला, मग विजेच्या दाबाला. एका दुपारी तर खाली चाललेल्या माझ्या मिक्सरलाही.

मग एका सकाळी त्या खाली आल्या आणि भाकऱ्या न मोजता जेवल्या. मला भीतीच वाटली. हळूहळू उलगडलं ते असं, की जुनी लायब्ररी पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उरलेला अपूर्णांक टाकून देत होती. नवी तो ठेवते. दर पायरीला वजा व्हायच्या उष्णतेतून चिमूटभर गळत होती, म्हणून हिशेबातलं लोखंड एवढी वर्षं उशिरा गार होत होतं. विद्यार्थ्याला याचं काहीच वाटलं नाही. "बाई, लोखंड साच्यात जरा जास्त येळ बसलं, एवढंच की. फुटलं तर न्हाय कधी," असं म्हणून तो नवा प्रोग्रॅम घेऊन आनंदाने कामाला लागला.

वन्संचं दुःख निराळं होतं. हा प्रोग्रॅम त्यांनी कॉलेजातल्या गणिताच्या सरांबरोबर लिहिला होता, आणि भागाकारात अपूर्णांक गळतोय हे सरांनी तेव्हाच सांगितलं होतं. त्यावर सगळ्या स्टाफरूमसमोर वन्सं म्हणाल्या होत्या, "माझ्या प्रोग्रॅममधून काही गळत नाही." त्या दिवसापासून बोलणं बंद. पुढे सर निवृत्त होऊन बेळगावला मुलाकडे गेले, तरी बंदच.

त्यांनी मला शेजारी बसवलं आणि सरांना स्पीकरवर फोन लावला. आयुष्यातली पहिली कबुली होती, सोबत लागणारच.

"सर, तुमचं बरोबर होतं. अपूर्णांक गळत होता."

सरांनी अदबीने विचारलं, "कुठला अपूर्णांक, बाई?"

त्यांना काहीच आठवत नव्हतं. बाई विभागप्रमुख झाल्या, वेळ मिळत नसेल, असं समजून ते इतकी वर्षं स्वस्थ होते. मग वन्संनीच ते सगळं भांडण त्यांना पहिल्यापासून सांगितलं आणि सरांची बाजू अशी हिरिरीने मांडली, की सरांनीही तेव्हा मांडली नसेल. ऐकून सर म्हणाले की तुम्ही सहसा चुकत नाही, तेव्हा चूक माझीच असणार. वन्सं चिडल्या. "अहो, मी चुकले म्हणते ना. तुम्हाला कळत कसं नाही?" चूक कुणाची यावर दोघं पुन्हा भांडले, आणि या खेपेला दोघांनाही ती स्वतःकडे हवी होती.

फोन ठेवला तेव्हा ऊन उतरलं होतं. मी चहा आणला. त्या फोनकडे बघत बसल्या होत्या.

"अजून पटलेलं नाही त्यांना," वन्सं म्हणाल्या. "उद्या परत लावते." चहाचा एक घोट घेऊन थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "आवाज किती बारीक झालाय गं त्यांचा."