साडेचार तासांचा संशयित

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी स्वतःचंच हसू येतं. मी नवी फौजदार होते. खांद्यावर दोन तारे आणि डोक्यात त्याहून जास्त हवा.

कोळवण खोऱ्यातली एक म्हातारी ठाण्यात आली. आदल्या सकाळी ती भातलावणीला गेली असताना, नऊ ते बाराच्या दरम्यान, पेटीतली बोरमाळ गेली म्हणाली. त्याच दिवशी दुपारी चारला तिचा एकुलता मुलगा लंडनहून आठ दिवसांच्या रजेवर घरी आलेला. मी स्टेशन डायरीत नोंद करून तिचं घर गाठलं. हवालदारांनी आळीत विचारून खबर आणली, "मॅडम, अकराच्या सुमारास एक शहरातली गाडी घरापाशी थांबलेली."

झालं! शहरातली गाडी म्हणजे मुलगाच, असं ठरवून मी त्याचं तिकीट मागितलं. विमान लंडनहून रात्री साडेनऊला सुटलेलं, मुंबईत सकाळी अकराला उतरलेलं.

"अंतर किती?" मी त्याला दरडावलं.

"बहात्तरशे किलोमीटर, मॅडम."

"तास किती लागतात?"

"नऊ."

मी बोटांवर मोजलं. साडेनऊ आणि नऊ, म्हणजे सकाळी साडेसहा, अकरा नव्हे. तिथून कोळवण चार तास. साडेदहाला हा पेटीपाशी!

"मधले साडेचार तास कुठे होतास?"

"मॅडम, तिथली वेळ..."

"मध्ये बोलायचं नाही!" आपटायला टेबल नव्हतं, म्हणून मी भाताच्या कणगीवर हात आपटला.

उंबऱ्यावर बसलेली म्हातारी उठली. भिंतीवर दोन घड्याळं होती, ती मला दिसलीच नव्हती.

"अवो बाई, ह्ये हितलं, त्ये तितलं. तितलं साडेचार तास मागं हाय. मी रोज बघून फोन करतीया, आन् तुमी येवढ्या शिकल्याल्या!"

हवालदार खिडकीकडे तोंड करून खोकू लागले.

मग तिने त्याच कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि बोरमाळ काढली.

"माज्या पोराला काय बोलू नगा. मीच ठिवली."

"मग तक्रार कशाला?"

"चौकशी हुईस्तवर गाव सोडू देत न्हाईत म्हनं. म्हनलं, चार दीस जास्ती ऱ्हाईल."

"आये, नुसतं ऱ्हा म्हनायचं की!"

"म्हनले असते, तर ऱ्हायला असतास व्हय?"

 मग अंगणात जाऊन त्याने फोन लावला आणि तिकीट पुढे ढकललं. ती गाडी रस्ता चुकलेल्या एका फार्महाऊसवाल्याची निघाली.

खोट्या तक्रारीबद्दल म्हातारीला झापायला हवं होतं. मी डायरीत 'वस्तू घरातच मिळाली' असं लिहिलं आणि तिच्या हातचा चहा पिऊन निघाले. किलोमीटर विचारले, तास विचारले; तो किती वर्षांनी घरी आला, हे मात्र विचारलंच नव्हतं. पुढे कुठल्याही चौकशीत माझा पहिला प्रश्न ठरला, "घरी वाट बघणारं कोण आहे?"

आता माझ्याही भिंतीवर दोन घड्याळं आहेत. लेक नातीला घेऊन पुढच्या महिन्यात येतेय. आठच दिवस. माझ्या पाटल्या कुठे लपवाव्यात, याचा तपास चालू आहे.