पथ्याची चिठ्ठी

मुलं तिला डॉक्टरीणबाई म्हणत. खरं तर ती वाचनालयाच्या बालविभागात पुस्तकं देणारी साधी नोकरदार बाई. पण पोर टेबलापाशी आलं की आधी विचारणार, "शेवटचं खदखदून कधी हसलास?" "आठवत नाही" म्हटलं, की विनोदी पुस्तकांचं कपाट उघडलंच! पुस्तक परत करताना मुलांनी आत एक चिठ्ठी ठेवायची. गोष्ट कशी आहे ते लिहायचं नाही, फक्त पथ्य लिहायचं. 'गणिताच्या तासाला वाचू नये.' 'आजीला वाचून दाखवण्याआधी तिला खाली बसवावं.' पुढचं पोर चिठ्ठी वाचूनच पुस्तक पळवी.

आता त्या कपाटावरच गदा आली होती. लाकडी फळ्यांच्या भिंतीपलीकडे, मोठ्यांच्या वाचनकक्षात, एक निवृत्त तपासनीस रोज बसत. त्यांनी दोनदा लेखी तक्रार केली. मुख्य ग्रंथपालांनी कपाटावर कागदच डकवला: मुलांच्या हसण्याबद्दल तिसरी तक्रार आल्यास कपाटास कुलूप लावण्यात येईल.

मग काय, बाईंनी पोरांना मुकं हसायला शिकवलं. "ओठ मिटा. नाक धरा. आता खांदे हलवा... हां, पोटातल्या पोटात!" आठ दिवसांत पलटण तयार. खांदे गदागदा, आवाज नाही.

एकीला मात्र काही शिकवावंच लागलं नाही. पोरं तिला 'न्यायाधीश' म्हणत. सात पुस्तकं नेली, सातही "ठीक आहे" म्हणून परत केली. चिठ्ठ्या कोऱ्या.

त्या दिवशी तिनं आठवं आणलं. चिठ्ठीवर चक्क काहीतरी लिहिलेलं! बाईंनी चष्मा सरसावला.

'दूध पिताना वाचू नये. बाबांचा ऑफिसचा शर्ट वाळत घातला आहे. बाबा ऑफिसला गेलेले नाहीत, कारण दुसरा शर्ट इस्त्रीला आहे.'

बाईंनी ओठ मिटले. नाक धरलं. खांदे हलले. आणि मग जे काही फुटलं म्हणता! पलीकडच्या खुर्च्या सरकल्या.

वही-पेन घेऊन तपासनीस हजर, मागोमाग मुख्य ग्रंथपाल.

"कोण हसलं?"

"मी," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

"तुम्ही? एवढ्या मोठ्यानं?"

"वयाच्या मानानं जरा जास्तच झालं."

"मी तक्रार लिहिणार!"

"लिहा की, माझ्या नावानं लिहा." बाई ग्रंथपालांकडे वळल्या. "पण साहेब, तुमच्या कागदावर 'मुलांच्या' म्हटलंय."

साहेबांनी आपलाच कागद दोनदा वाचला. मग तपासनिसांकडे वळले. "मुलं हसली का?"

तपासनिसांचा चेहरा कडू झाला. पण उभ्या जन्मात त्यांनी खोटा अहवाल दिला नव्हता.

"नाही. आवाज एकाच बाईचा होता."

"मग कपाट राहू दे. बाई, तुम्हाला मेमो."

"द्या साहेब. दोन द्या!"

ते दोघं गेल्यावर न्यायाधीश टेबलाशी सरकली. "मेमो म्हणजे काय?"

"शाळेतून घरी तक्रार जाते ना, तसलंच."

"मग घरी तुम्हाला कोण रागावणार?"

"सासूबाई."

तिनं थोडा विचार केला, कपाटातून एक पुस्तक ओढून बाईंपुढे धरलं. "हे त्यांना द्या." मग हात मागे घेतला. "दात त्यांचे स्वतःचेच आहेत ना?"

"नाही गं, कवळी आहे."

"मग हे नको," म्हणत तिनं पुस्तक जागेवर सरकवलं आणि खालच्या फळीपुढे गुडघे टेकून दुसरं शोधायला बसली.